दोन खोल्यांचा देश

“ह्यो तुमचा देश एवढाच काय?” दारातच थबकून सुंदराबाईंनी विचारलं.

चकाल्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेरच्या पितळी पाटीवर दूर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटाच्या देशाचं नाव होतं. तिथली कारकून ऑलिव्ह टाइपरायटरवरून उठली.

“देश लांब आहे, मावशी. इथे त्याच्या जहाजांची नुसती नोंदणी होते. बसा ना.”

सुंदराबाई माहुलच्या कोळीण. त्या बसल्या नाहीत.

“माजा लवू खलाशी हाय. जहाज समोरच उभा हाय गो, आमच्या जेटीवरना दिवा दिसतं त्याचा. मालक पलाला. बाकीची मानसं गेली, याला एकट्याला राखनीला ठेवलाय. गनपती गेलं, होली आली. बंदरवाले सांगतान, जहाजावर ज्या देशाचा निशान, त्यानं सही केली तरच पोराला उतरवू.”

ऑलिव्हने जहाजाचं नाव विचारलं. ते तिनेच नोंदवलं होतं.

ऑफिस उघडलं तेव्हापासून ती इथेच होती. जहाजांचे मालक कुठले कुठले असत. कर कमी, चौकशी त्याहून कमी, म्हणून ते या देशाचं निशाण घेत. बहुतेक जहाजं त्या बेटाला कधी लागतच नसत. ऑलिव्हला मात्र ते बेट बघायचं होतं. लग्न ठरलं होतं, पण नवरामुलगा गल्फला गेला आणि तिकडचाच झाला. मग आई अंथरुणाला खिळली. आई गेल्यावर घरात बोलायला कुणी उरलं नाही. ऑफिसात कुणी कॅप्टन आला, की चहा देताना ती हळूच विचारायची, “तिथला समुद्र कसा आहे हो?” कुणीच तिथे गेलेलं नसायचं.

ती आतल्या खोलीत चंद्रप्रकाश साहेबांकडे गेली.

“सही केली की लफडं आपल्या गळ्यात,” साहेब म्हणाले. “आपण नोंदणी करतो, ऑलिव्ह. पोरं सांभाळत नाही.”

“पण सर, निशाण आपलं आहे ना?”

“आपलं?” साहेब हसले. “तू कधी गेलीयस तिकडे?”

ती बाहेर आली. सुंदराबाईंना काही सांगावं लागलं नाही. त्या निघून गेल्या.

दुपारी साहेब निघाले. पाणी भरायला ऑलिव्ह बाहेर आली, तर सुंदराबाई जिन्यात बसलेल्या. माशांची रिकामी पाटी मांडीवर होती आणि डोळे मिटलेले होते.

“मावशी, अजून इथेच?”

“घरी जाऊन काय करू गो? तिकडं गेलं की दिवा दिसतं.”

ऑलिव्ह आत आली. साहेबांच्या दिल्लीच्या फेऱ्यांत काम अडू नये, म्हणून कागदोपत्री तिला त्या देशाची उपनिबंधक करून ठेवलं होतं. आजवर साहेब बोट ठेवतील तिथेच तिने सही केली होती. तिने कागद चढवला, लवूला जहाजावरून उतरवावं असं टाइप केलं, खाली सही केली आणि देशाचा गोल शिक्का मारला. मग सुंदराबाईंना घेऊन ती स्वतःच बंदराच्या कचेरीत गेली.

तिथल्या अधिकाऱ्याने तिच्या साध्या फ्रॉककडे, झिजलेल्या चपलांकडे पाहिलं.

“उपनिबंधक कोण?”

“मीच,” ऑलिव्ह म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला अनोळखी वाटला.

साहेबांना दुसऱ्याच दिवशी बंदरातून फोन गेला. “उद्यापासून येऊ नकोस,” एवढंच ते म्हणाले. तिने डबा उचलला आणि घरी आली. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी दुपारी तिने आपलं घर पाहिलंच नव्हतं.

लवूच्या जागी जहाजावर बंदराचे पहारेकरी बसले आणि लवू उतरणार असल्याचा निरोप आला. ऑलिव्ह माहुलला गेली. होडी जेटीला लागली. दाढी वाढलेला, खांदे उतरलेला माणूस वर चढला आणि जमीन हलत असल्यासारखा पाय रोवून उभा राहिला.

सुंदराबाई रडल्या नाहीत. “किती वालला रं,” एवढंच म्हणाल्या आणि त्याचं मनगट धरलं.

“आये, सोड ना. लोक बघतान.”

त्यांनी सोडलं नाही. त्यानेही मग हात ओढून घेतला नाही.

“बाय, तू पन चल. जेवून जा,” सुंदराबाई वळून म्हणाल्या.

“येईन पुन्हा कधीतरी.”

मायलेक सुकत घातलेल्या जाळ्यांमधून चालू लागले. एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखा आईच्या हाताने ओढला जात होता. ते गल्लीत दिसेनासे होईपर्यंत ऑलिव्ह बघत राहिली. मग आपल्या मोकळ्या हातांचं काय करावं हे न कळून तिने ते फ्रॉकच्या खिशात घातले.