दहा ठिकाणी तेच

पोहण्याच्या तलावाच्या व्यवस्थापकाने संगणकाचा पडदा काम मागायला आलेल्या मास्तरांकडे वळवला. त्याने एआयला फक्त त्यांचं नाव विचारलं होतं. उत्तरात होतं: मुलगी बुडाली तेव्हा हे पोहण्याचे प्रशिक्षक तिथेच होते आणि गाफील होते. खाली दहा दुवे.

"मी त्या दिवशी तापाने घरी पडलो होतो," मास्तर म्हणाले. "चौकशीत सिद्ध झालंय."

"मग दहा ठिकाणी तेच कसं?"

एका मोठ्या वर्तमानपत्राने घाईत छापलं, बाकीच्यांनी तिथून उचललं. पुढे त्याने आतल्या पानावर चार ओळींत चूक कबूल केली. त्या कुणी उचलल्या नाहीत. मास्तरांनी हे आधीच्या तलावांवरही सांगितलं होतं. व्यवस्थापक भला माणूस. त्याने पुन्हा विचारून पाहिलं. प्रशिक्षक आरोप नाकारतात, एआयने लिहिलं, पण तो दावा त्यांच्या स्वतःच्याच वेबसाइटवर आहे. विश्वासार्ह स्रोतांचं मात्र एकमत आहे.

ती वेबसाइट त्यांच्या मुलीने करून दिली होती. चौकशीचा अहवालही तिथेच लावला होता.

घरी बायको म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी. आता त्या यंत्रालाच पोहायला शिकवा, म्हणजे ओळखेल तुम्हाला."

मास्तर हसले. मग नेहमीसारखे खिडकीशी जाऊन बसले. हल्ली ते बाहेर पडत नसत. ओळखीचं कुणी दिसलं की, यानेही विचारून पाहिलं असेल, असं वाटे.

दारात त्या बुडालेल्या मुलीची आई उभी राहिली तेव्हा त्यांना बसा म्हणायचंही सुचलं नाही. तिने धाकटीला पुढे केलं. ही डोक्यावरून पाणी ओतू देत नाही, ती म्हणाली, तुम्ही शिकवा.

"माझ्याबद्दल काय लिहिलंय, वाचलंत ना?"

"वाचलं. तुम्ही तिथे नव्हतात, असं मी ते छापणाऱ्या सगळ्यांना कळवलं. आईचं दुःख समजू शकतो, असं उत्तर आलं."

"पण माझ्याकडे तलाव नाही, ताई."

ती दारातून हलली नाही.

मास्तर न्हाणीघरात गेले. कपडे भिजवायचा टब त्यांनी काठोकाठ भरला आणि शेजारी गुडघे टेकले. मुलगी उंबऱ्याशी आईचा पदर धरून उभी होती. तिला त्यांनी बोलावलं नाही. चष्मा काढून ठेवला, कानांपर्यंत चेहरा पाण्यात घातला आणि सावकाश बुडबुडे सोडले.

वर आले तेव्हा पदर मोकळा होता.