येते हं

कॉटच्या पायापाशी वाळलेलं रक्त वॉर्डातली मावशी गुडघ्यांवर बसून पुसत होती. खरं तर तिची ड्यूटी दुपारीच संपली होती. घराजवळच्या स्टॉपवर उतरली तेव्हा फोन आला, तिच्याकडच्या पेशंट आक्का पडल्या, आणि ती आल्या पावली परत फिरली. खांद्यावरची पिशवी काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"ते राहू दे," इन्चार्ज सिस्टर दारातून म्हणाल्या. "आधी इकडे ये."

सिस्टरांच्या खोलीत आक्कांचा मुलगा उभाच होता.

"आई म्हणते, मावशी येते म्हणून गेली ती आलीच नाही. वाट बघून बघून शेवटी आई एकटीच कॉटवरून उतरली. कपाळाला टाके पडलेत, मनगट मोडलंय. याला जबाबदार कोण?"

पडतो पेशंट आणि नोकरी जाते मावशीची, हे या वॉर्डात सगळ्यांना पाठ होतं. गेल्याच महिन्यात एकीला असंच घरी बसवलं होतं. आणि हिच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

"येते म्हणालीस?" सिस्टरांनी विचारलं.

"म्हणाले."

निघताना माणूस 'येते'च म्हणतं. आजारी माणसाच्या तोंडावर 'जाते' कोण म्हणेल? जीभच रेटत नाही. पण त्याआधी आक्का म्हणाल्या होत्या, थोड्या वेळानं लघवीला पॉट लागेल गं. ते तिनं ऐकलं होतं. बसची घाई होती, येते हं म्हणाली आणि निघाली. चष्मा नसल्यामुळे आक्कांना तिची पिशवी दिसली नसणार. आपण निरोप म्हणून म्हटलं, की परत यायचं म्हणून? वाटभर तिनं स्वतःला विचारलं होतं, पण उत्तर काही धड मिळत नव्हतं. पुढच्या पाळीच्या मावशीला पॉटचं सांगायला हवं होतं, एवढं मात्र पक्कं होतं. ते राहिलं होतं.

"चला, त्यांनाच विचारू," सिस्टर म्हणाल्या.

आक्कांच्या कपाळावर पट्टी होती आणि हात प्लास्टरमध्ये. मावशी पायथ्याशी उभी राहिली. आक्कांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. खुब्याच्या ऑपरेशननंतर याच बाईनं त्यांना बसतं केलं होतं, रोज वेणी घालून दिली होती.

"आक्का, मावशी काय सांगून गेली होती?"

"जाते म्हणाली."

"काय म्हणाली?"

"ड्यूटी संपली, आता जाते, काही लागलं तर बेल दाबा. माझंच शहाणपण मला नडलं."

"आई, मघाशी तर तू..."

"मघाशी डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. आपटलं होतं ना."

सिस्टरांची उभी हयात वॉर्डात गेली होती. पेशंटच्या उशाशी 'जाते' म्हणणारी मावशी त्यांनी अजून पाहिली नव्हती. त्यांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं मान खाली घातली.

"जाते म्हणाली म्हणे," सिस्टर सावकाश म्हणाल्या. "बरं. उद्या वेळेवर ये." आणि मुलाला घेऊन त्या बाहेर पडल्या.

मावशीला रडूच कोसळलं.

"खोटं कशाला बोललात, आक्का? चूक माझीच होती."

"होतीच. फार वाट बघितली मी तुझी. रागही आलाय. आधी पॉट दे."

मावशीनं पडदा ओढला, पॉट दिला, सगळं स्वच्छ करून कॉटचे कठडे वर केले. नव्या पाळीची मावशी पलीकडच्या कॉटवर चादर बदलत होती.

"जा आता," आक्का डोळे मिटून म्हणाल्या. "बस चुकेल तुझी."

सवयीचा शब्द मावशीच्या ओठांवर आला होता. तो गिळून तिनं स्टूल पुढे ओढलं.

"बसते," ती म्हणाली. "पलीकडची ती इथं आली, की तिला सांगूनच उठेन."