साडेपाचची ओळ

नंदाने पडद्यावरची ‘युएसआर लोकल’ ही फाइलच्या जागेची अक्षरं खोडली, तिथे ‘ऑप्ट’ टाइप केलं आणि प्रिंटआउटवरची पट्टी एक ओळ खाली सरकवली. ओळीखाली पट्टी धरून वाचायची सवय शाळेतली, पेपर तपासायची. शाळेतली नोकरी केव्हाच सुटली, पट्टी तेवढी राहिली.

काम म्हटलं तर सोपं होतं. एकाच टर्मिनलवर चार-चार खिडक्या उघडून देणारा एक प्रोग्रॅम ऑफिसात होता. बनवणारे लोक सातासमुद्रापलीकडचे, त्यामुळे मॅन्युअलही त्यांच्याच मशीनच्या हिशेबाने लिहिलेलं. ही फाइल इथे सापडेल, ती तिथे सापडेल. आणि इथल्या मशीनवर एक गोष्ट सांगितल्या जागी असेल तर शपथ! देवासच्या एका कारखान्याला दिवाळीच्या आत अख्खी सिस्टिम बसवून द्यायची होती, सोबत मॅन्युअल. एकेक जागा वाचायची, ती फाइल मशीनवर खरोखर कुठे आहे ते बघायचं आणि मॅन्युअलमध्ये तसं लिहायचं, एवढ्यासाठी नंदाला बसवलं होतं. लागणाऱ्या कमांडा प्रसादने एका दुपारी शिकवल्या होत्या.

जागा इकडच्या तिकडे करून ठेवणारा माणूस नंदाचा नवरा होता. गोपाळकृष्णाने तो प्रोग्रॅम स्वतः बसवला, मनाला येईल तिथे बसवला आणि कुठे काय ठेवलं ते सगळं डोक्यात ठेवलं. आषाढात फ्रीगंजच्या पुलावर ट्रकने त्याची स्कूटर उडवली आणि ते डोक्यातलं सगळं त्याच्याबरोबर गेलं.

आता ती त्याच्याच खुर्चीत बसत होती. तिच्यासाठी मशीनवर नवीन खातं उघडायच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं, म्हणून रोज सकाळी काम सुरू करताना तिला नवऱ्याचं नाव टाइप करावं लागे. जिवंतपणी तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. ती अक्षरं दाबताना पहिले काही दिवस तिला कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

‘टिंग’ असा आवाज झाला. खोलीतल्या सगळ्या टर्मिनलांवर एकदमच इंग्रजी लिपीत एक ओळ उमटली: चहा. चला.

समोरच्या टेबलावर बिलं भरणारी दुर्गा दचकली आणि तिने छातीवर हात ठेवला.

“आज पण आलं बघा ताई. मला तर अजून धडकी भरते.”

“चारला येणारच ते.”

“तेच तर! दादा जाऊन तीन महिने झाले. आता कोण बोलावतं सांगा ना?”

दुर्गाचं काही चुकत नव्हतं. गोपाळकृष्ण होता तेव्हा त्याने लावलेली चारची ही ओळ म्हणजे ऑफिसातली गंमत होती. तो गेल्यावरही ती थांबली नाही. त्याच्या जागी काम बघणारा प्रसाद मूळचा फॉक्सप्रोचा माणूस, हे मशीन त्याला नवं. असले चालूच सोडून दिलेले प्रोग्रॅम कुठे सापडतात ते त्याने मॅन्युअलमध्ये वाचलं, ती जागा उघडली, तर तिथे काहीच नाही. मग त्याने पुन्हा हात लावला नाही. “दादा इथेच आहेत यार,” असं एकदा बोलून गेला आणि नंदाला बघून त्याने जीभ चावली. चहावाला अजूनही कोपऱ्यातल्या त्या टेबलावर एक कप जास्तीचा ठेवून जायचा, आणि त्याला कुणी नको म्हणत नव्हतं.

नंदाला त्या ओळीची भीती वाटत नव्हती. भीती दुसऱ्याच गोष्टीची होती, आणि ती तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितली नव्हती.

त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं. नऊच्या आत कधी घरी न येणारा नवरा, झाकून ठेवलेलं गार जेवण, रोजचं तेच रडगाणं. पण त्या दिवशी तिच्या तोंडून निघून गेलं, “राहा मग तिकडेच, त्या मशीनपाशी! घरी येऊच नका.” तो काही बोलला नाही. स्कूटरची किल्ली उचलून निघून गेला. संध्याकाळी निरोप आला तो हॉस्पिटलमधून. अजून उजेड होता, तेव्हा हा माणूस ऑफिस सोडून पुलावर काय करत होता? ऑफिसचे मालक भय्यासाहेब म्हणाले, “प्रिंटरची रिबन संपत आली होती. पुलापलीकडे देवास गेटच्या बाजारात गेला असेल आणायला, दुसरं काय?” तिने ते मान्य केलं.

दहाव्याला राम घाटावर कावळा शिवेना. कठड्यावर बसून होता, पिंडाकडे बघत होता, पण खाली यायला तयार नाही. सगळे हात जोडून एकेक सांगू लागले. दीर म्हणाले, लेकीचं, शर्वरीचं शिक्षण आम्ही करू. घराचे हप्ते आम्ही बघू. शेवटी भय्यासाहेब पुढे झाले आणि भर उन्हात म्हणाले, “गोपाळ, वहिनींना मी नोकरी देतो. तुझीच जागा देतो. आता तरी ये बाबा.” कावळा जागचा हलला नाही. मग दर्भाचा कावळा करून उरकून घेतलं. भय्यासाहेब शब्दाचे पक्के, त्यांनी नोकरी दिली. नंदा मात्र घाटावर तोंड मिटून उभी होती. कावळा का शिवत नाही, ते तिला एकटीला ठाऊक होतं. तिनेच त्याला तिकडे राहा म्हटलं होतं, आणि तो राहिला होता. रोज चारला येणारी ओळ तिला तेच सांगत होती. त्या पुलावरून जाणंही तिने सोडलं होतं. कार्तिक चौकातलं घर गाठायला ती लांबचा वळसा घ्यायची, टेम्पोवाल्याची कुरकुर ऐकायची.

भय्यासाहेब आतून आले. त्यांच्या हातात झेंडूची पिशवी होती.

“प्रसाद, सहा वाजता मशीन बंद कर. उद्या खंडेनवमी. यंदा खोलून आतले पंखे पण पुसून घ्या, फार धूळ बसली आहे. मग सकाळी पूजा.”

“साहेब, मागच्या दसऱ्यापासून हे बंदच झालं नाही एकदा पण.” प्रसादने आवाज खाली आणला. “बंद केलं की मग तो चहा पण...”

“मग?”

“परत नाही यायचा. जे काय चालू आहे ते चालू मशीनमध्येच आहे ना.”

भय्यासाहेबांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “बरं आहे की. किती दिवस अडकवून ठेवायचं त्याला? जाऊ दे आता.” मग त्यांची नजर नंदाकडे गेली आणि ते पिशवी दुर्गाच्या टेबलावर ठेवून आत निघून गेले.

सहा वाजता. नंदाने घड्याळ बघितलं. याच शब्दाची ती तीन महिने वाट बघत होती, जाऊ दे. आणि आता तो आला तर तिला वाटलं, नको, आज नको. माझा शब्द मी परत घेतलेला नाही. तो तसाच ऐकून गेला तर?

ती पट्टीकडे वळली. दुसरं काय करणार! पुढची ओळ होती: ‘तुम्ही उठून गेलात तरी खिडक्यांमधलं काम चालू राहतं. परत या आणि जोडून घ्या.’ आणि त्याखाली, सोडून गेलेल्या खिडक्या मशीनवर कुठे राहतात ती जागा.

तिने ती जागा बघितली. नव्हतीच. प्रसादने इथेच बघितलं होतं. पण नंदाचं कामच मुळी ‘इथे नाही तर कुठे’ हे होतं. तिने शोधायची कमांड दिली आणि वाट बघत बसली. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. मग उत्तर आलं. जागा गोपाळकृष्णाच्या खात्यातच होती, रोज सकाळी ती जे नाव टाइप करायची त्याच नावाखाली. आत एकच नोंद होती. सोडून गेलेली, चालू.

प्रसादला हाक मारावी असं तिच्या मनात आलं. तिने मारली नाही. मॅन्युअलमधली जोडून घ्यायची कमांड बघत बघत तिने एकेक अक्षर दाबलं.

पडदा पुसला गेला आणि दुसराच पडदा समोर आला. पहिल्या खिडकीत ती चहाची ओळ होती, एकाखाली एक. तिने पुढची खिडकी उघडली. तिथे हेच मॅन्युअल होतं, त्याने दुरुस्त करायला घेतलेलं, दुसऱ्या पानावर सोडून दिलेलं. “आळशी कुठले,” ती पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले.

आणखी एक खिडकी होती. त्यात पडदाभर एकच ओळ होती, पुन्हा पुन्हा, प्रत्येकीपुढे तारीख.

साडेपाच. ऊठ. घरी जा.

शेवटची तारीख कालची होती. ही ओळ दुसऱ्या कुणाच्या पडद्यावर जात नव्हती. त्याने ती फक्त स्वतःसाठी लावली होती, आणि ती रोज कुणी बघत नसताना उमटत होती.

पडद्यावरून वर निघून गेलेलं परत कसं बघायचं ते तिने कालच मॅन्युअलमध्ये वाचलं होतं. ती वर जाऊ लागली. आश्विन, भाद्रपद, श्रावण. कुठून सुरू होतंय ते तिला बघायचंच होतं. वर, अगदी वर, पहिली ओळ आली. तिच्या आधी काही नव्हतं.

तारीख भांडणाच्या दिवसाची होती.

नंदाने पट्टी उचलली आणि ती दोन्ही हातांत घट्ट धरून बसून राहिली. सकाळी तो इथे येऊन बसला होता, याच खुर्चीत. काही बोलला नव्हता म्हणून तिला वाटलं, त्याने ते मनाला लावून घेतलं. त्याने मशीनला सांगून ठेवलं होतं. आणि पहिल्याच दिवशी मशीनचं ऐकून तो घरी निघाला होता.

कसली रिबन आणि कसलं काय!

“ताई, बरं वाटत नाही का?” दुर्गाने विचारलं. ती झेंडूची फुलं ओवत होती.

“बरं आहे गं.”

तिने डोळे पुसले आणि आपली खिडकी उघडून मॅन्युअलमधली जुनी जागा खोडली. तिथे खरी जागा लिहिली, त्याच्या नावासकट. मग परत त्या खिडकीत गेली, खाली शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि थांबली. गावातून अष्टमीच्या नगरपूजेचे ढोल ऐकू येत होते. प्रसाद मशीनच्या काचेच्या खोलीत फडकं घेऊन उभा होता.

ओळीखाली नवी ओळ उमटली.

साडेपाच. ऊठ. घरी जा.

नंदा उठली. तिने खुर्ची आत सरकवली, पर्स घेतली.

“झालं ताई?” प्रसादने दारातून विचारलं. “बंद करू ना मशीन?”

“कर.”

“थांबत नाही का? हळदीकुंकवाचं ताट लावायचं होतं.”

“दुर्गा लावेल. मला घरी जायचंय.”

खाली सायकलच्या दुकानासमोर टेम्पो उभाच होता. ती आत बसली. टेम्पोवाला ओळखीचा, त्याने सवयीने हँडल उजवीकडे, वळशाच्या रस्त्याला वळवलं.

“नहीं भैया,” नंदा म्हणाली. “आज पुल से चलो.”