वळणाच्या विटा

रोपांच्या उलट्या खोक्यावर तो कागद पडून होता. अवजारांच्या खोलीत ओल्या मातीचा आणि गंजाचा वास कोंडलेला. नगरपालिकेचा इंजिनिअर कपाळ चोळत बसला होता. आत येताना दाराची चौकट त्याला लागली होती. समोर माळी खुरप्याच्या पात्यावरची माती अंगठ्याने खरवडत होता. माती केव्हाच निघाली होती, अंगठा थांबत नव्हता.

"मामा, एका सहीचं काम आहे," शेवटी इंजिनिअर म्हणाला.

कॉलेजच्या या गावात माळ्याला सगळेच मामा म्हणत. एकतीस वर्षं बागेत काढल्यावर त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक उरलं होतं. महिनाअखेर, निवृत्तीबरोबर, तेही पुसलं जाणार होतं.

मामाने कागद उचलला आणि बोट फिरवत, एकेक शब्द चाळणीतून काढावा तसा वाचला. 'बागेच्या मुख्य वाटेस मध्यभागी पडलेले वळण हे वीटकाम करताना माझ्याकडून चुकीने पडले असून, ते काढून वाट सरळ करण्यास माझी हरकत नाही.'

"बाग तुमची, विटा तुमच्या. काढायचं तर काढा की. माझी सही कशाला?"

"फाइलला कारण लागतं. चांगलं काम तोडायला मंजुरी मिळत नाही, चुकलेलं दुरुस्त करायला मिळते."

"म्हणजे आधी चूक म्हणायचं, मग दुरुस्त करायचं. बरी युक्ती आहे!"

इंजिनिअरने पिशवीतून एक रंगीत पत्रक काढलं. शहरातील प्रेक्षणीय स्थळं: तलाव, वस्तुसंग्रहालय, कॉलेजचा घुमट, आणि ही बाग. बागेचा फोटो उंचावरून घेतलेला होता. फाटकापासून घुमटाकडे निघालेली विटांची तांबडी रेघ अर्ध्यावर डावीकडे फुगली होती आणि पुन्हा मुकाट्याने सरळ झाली होती.

"बघा. चांगल्या अंगरख्यातून पोट बाहेर यावं तसं दिसतंय. ना तिथे झाड, ना खांब, ना हौद. रिकाम्या गवताला वळसा!"

"वरून कोण चालतं?" मामाने विचारलं.

इंजिनिअरला हसू आलं, ते त्याने दाबलं. "मीही इथलाच आहे, मामा. चार वर्षं याच बागेतून कॉलेजला गेलोय. पण हुकूम वरून आलाय. तुम्ही सही केलीत तर फाटकाजवळच्या दोन खोल्या तुमच्याकडे राहतील, देखरेखीच्या नावाखाली. मी शब्द टाकलाय. नाही केलीत तर महिनाअखेर खाली कराव्या लागतील. संध्याकाळी येतो."

जाताना तो वाकला नाही. चौकट दुसऱ्यांदा लागली.

मामाची एक रीत होती. तो कागदावर वाट आखत नसे. बागेचा नवा तुकडा ताब्यात आला की वर्षभर तो नुसतं गवत राखी आणि माणसांना चालू देई. पहाटे, दव अजून मोडलेलं नसताना, तो कडेला उभा राही. पहिली परिचारिका पाळी संपवून जाई, मग पेपर टाकणारा, मग धावणारी मुलं; दवावर त्यांच्या पायांच्या काळपट ओळी उमटत. कुठली ओळ रोज येते, कुठली चुकार आहे, हे तो मनात धरून ठेवी. वर्ष सरलं की गवत जिथे स्वतःहून हरलेलं असे, तिथे तो चुन्याची फक्की टाकी आणि फक्कीवर विटा बसवी. माणसांनी आधीच लिहिलेलं आपण फक्त गिरवायचं, एवढीच त्याची विद्या.

मधल्या वळणावर तेव्हा एक थोराड शिरीष होता. त्याची एक फांदी वाटेवर अशी आडवी उतरली होती, की उंच माणसाला मान लववूनच जावं लागे. खऱ्या प्राचार्यांपुढे न वाकणारी पोरंही तिथे वाकत, म्हणून झाडाचं नाव पडलं प्राचार्य. निकालाच्या दिवशी तर काहीजण दोनदोनदा वाकून जात. न जाणो!

अकरा वर्षांपूर्वी एका वादळात प्राचार्य आडवे झाले. पडताना त्यांनी वळणाच्या विटाही उखडल्या. बुंधा नेला, खड्डा बुजवला, आणि मामानेही तेव्हा मनाशी म्हटलं होतं, आता सरळ करू. पण रीत ती रीत. त्याने ती जागा वर्षभर मोकळी सोडली.

आणि वर्षभर माणसं वळूनच गेली.

जुनी वळली ते समजण्यासारखं होतं. पण नव्या वर्गातली, ज्यांनी ते झाड कधी पाहिलंच नव्हतं, तीही पुढच्याच्या मागोमाग वळली, आणि त्यांच्या मागून त्यांच्यानंतरची. सपाट, उघड्या गवतावर दवातली ती ओळ रोज सकाळी एका नसलेल्या बुंध्याला जपून वळसा घालत होती. वर्ष सरलं. मामाने फक्की टाकली, जिथे पाय होते तिथेच. फाइलमध्ये मात्र झाड पडल्याची तारीख आधीची आणि विटांची नंतरची. कारण नसलेलं वळण, म्हणजे चूक.

दुपारी तो खोलीवर गेला तेव्हा बायको खिडकीपाशी गुडघ्याला तेल लावत बसली होती. त्याने सगळं सांगितलं. खोल्यांचंही.

"मुलाकडे चौथा मजला," ती म्हणाली. "लिफ्ट नाही."

"म्हणून तर विचारतोय."

"विचारताय कुठे? तोंड पाडून बसलाय. कुणी म्हणेल, आंबट काहीतरी खाल्लंय."

"तू म्हणशील तसं करतो."

तिने तेलाची बाटली बंद केली आणि कागद मागितला. चष्मा नव्हता, हात लांब करून, मान मागे नेऊन तिने तो वाचला.

"'माझ्याकडून चुकीने.' म्हणजे तुमच्याकडून."

"हं."

"विटा बसवल्या त्या दिवशी दोरी कुणी धरली होती?"

मामाला आठवलं. तो सुट्टीचा दिवस होता, हाताखाली कुणी नव्हतं. ती उन्हात दोरीचं टोक धरून उभी राहिली होती आणि तो म्हणत होता, थोडं डावीकडे, अजून, बस.

"तू."

"मग? मी काय आंधळी होते? उद्या लोक म्हणतील, नवरा चुकला तो चुकला, बायकोलाही दिसलं नाही." तिने कागद त्याच्या मांडीवर टाकला. "चार जिने चढेन मी. बसत, उठत, शिव्या देत चढेन. पण असल्या कागदाच्या जिवावर या खिडकीत बसणार नाही. ती माळ्यावरची ट्रंक तेवढी खाली काढून द्या."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या जन्मी!"

त्याने ट्रंक काढून दिली. मग दोघांनी मिळून कागदावर लिहिलं. तीन वाक्यं लिहायला त्यांना तासभर लागला, कारण 'बरोबर' या शब्दावर ती अडून बसली होती. त्याला 'ठीक' पुरेसं वाटत होतं.

पाचच्या सुमाराला बाग भरून आली. बाकावर दोन निवृत्त प्राध्यापक बुद्धिबळाच्या पटावर नेहमीसारखे हमरीतुमरीवर आले होते.

"घोडा मागे घेतो मी."

"घोडा येईल हो मागे. गेलेली अक्कल कुठून आणणार?"

परिचारिका पाळीवर निघाली होती. मुलींचा एक घोळका एकाच छत्रीत ऊन चुकवत हसत गेला. सगळे वळले. कुणी खाली पाहिलं नाही. श्वासाकडे कुणी पाहत नाही, तसं.

इंजिनिअर आला. मामा वळणापासून दहा पावलांवर वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून रोपं लावत होता. त्याने हात झाडले आणि खिशातला कागद पुढे केला.

छापलेल्या मजकुरावर एक आडवी रेघ होती. खाली, मातीचा डाग चुकवून, लिहिलं होतं: 'वळण बरोबर आहे. विटा मी लावल्या. दोरी बायकोने धरली.' आणि दोन सह्या.

"हे काय लिहिलंत?"

"अक्षर लागत नाही का?"

"मामा, उद्या सकाळी माणसं येणारच. सही असो वा नसो. मी दुसरं काहीतरी कारण शोधेन."

"येऊ देत. फाटक मी उघडून देईन, ते माझं कामच आहे. फावडी मात्र त्यांची त्यांनी आणावीत. माझ्या खोलीतलं एकही मिळायचं नाही."

"आणि तुमच्या खोल्या?"

मामाने फाटकाकडे मान वळवली. उघड्या दारातून ट्रंक जमिनीवरून ओढल्याचा आवाज येत होता आणि त्यावर बायकोचा, ट्रंकेला उद्देशून चाललेला.

"बांधाबांध चाललीय."

इंजिनिअरने एक सुस्कारा सोडला. पहिल्यांदाच त्याचा आवाज साहेबाचा राहिला नाही. "एवढा हट्ट कशासाठी, मामा? झाड पडून अकरा वर्षं झाली. आता कुणाला आठवतंय ते?"

मामा उठून उभा राहिला. गुडघे वाजले. समोरच्या उंच माणसाकडे पाहायला त्याला मान वर करावी लागली.

"तुम्हाला?"

इंजिनिअरने कागदाची घडी केली. मग घडीची घडी. ती वरच्या खिशात ठेवली आणि तो निघाला, घुमटाच्या दिशेने, लांब लांब ढांगा टाकत, मागे न पाहता. वळणाशी तो विटांबरोबर डावीकडे वळला, आणि तिथे, वर उघड्या आभाळाखेरीज काहीच नसताना, त्याची मान किंचित खाली गेली. मग तो सरळ झाला आणि चालत राहिला.