एक साखळी आणि साडेसहा आणे

माझ्या नवव्या आण्याची कडी इतरांपेक्षा भाताच्या दाण्याच्या रुंदीएवढी लांब आहे. ती तशी घडवलेली नव्हती. चार उन्हाळे ओढून ओढून ती लांबली.

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी साखळी आहे. तेहतीस फूट लांब, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. माझ्याएवढा लांब आणि माझ्याएवढा रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. महाडच्या लोहाराने मला घडवलं. उमरठच्या बाजूचे किती बांध मी मोजले, त्याची गणती नाही. पुढे मोजायची फीत आली आणि मी माझ्या मालकाच्या, सोनबाच्या, पडवीत खुंटीवर गंजत राहिले. त्याचं दुःख नाही. वैताग आला तो वेगळ्याच गोष्टीचा.

सोनबाची बहीण ललिता पोलादपुरात शिवणकाम करते. तिला वाडीतल्या मुलींसाठी शिवणवर्ग काढायचा आहे. आई ठकूबाईने रस्त्याकडेचे चौरस दोन गुंठे तिला कबूल केले. मोजून द्यायचे सोनबाने. तो दर मे महिन्यात मला खाली काढतो आणि एका कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना दोन-दोनदा टाकतो. इकडे पन्नास फुटांवर विहीर, तिकडे तितक्यावरच ओढा. मग मलाच हिसके देतो.

"एका गुंठ्याला एक साखळी, दोनाला दोन. बसत नाय गो. पुढल्या वर्षी बघू."

अहो, दोन साखळ्या लांब आणि दोन साखळ्या रुंद म्हणजे चार गुंठे! पण साखळीला तोंड नसतं.

यंदा सोनबाचा मुलगा हर्षद मुंबईहून आला. "बाबा, सिंपल हाय. दोन गुंठे म्हणजे दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर चौरस फूट. वर्गमूळ काढायचं. मूळ म्हणजे अर्धं. एक हजार एकोणनव्वद फूट बाजू."

"मग माजी मशीन ओढ्यापल्याड ठेवू काय रे?" ललिता म्हणाली.

"आत्या, वर्गमूळ येत नाय नि वर्ग काढायला निघालीस."

चाराचं मूळ दोन, ते योगायोगाने अर्धं. तेवढ्यावर माणसं जन्म काढतात. नवाचं मूळ तीन असतं, हे कोणी पाहत नाही. ज्या संख्येला तिनेच गुणल्यावर नऊ येतात, ते नवाचं मूळ. इतकंच.

ललिताने पिशवीतून एक चौरस कापड काढलं. घड्या घालून उलगडलं, तर चार सारखे चौरस दिसले. "दादा, हे तू मोजतोस ते चार गुंठे." मग चारही कोपरे मध्यावर आणून दुमडले. त्यांनी खालचा चौरस बरोबर झाकला. "जेवढं वर, तेवढंच खाली. म्हणजे हे अर्धं, दोन गुंठे. आता याची कड बघ. एका गुंठ्याच्या या कोपऱ्यातून त्या समोरच्या कोपऱ्यात जाते."

सगळे रस्त्याकडेच्या त्या जागेवर गेले. एक गुंठा आखून मला त्याच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे टाकलं. मी संपले, तरी साडेसहा आण्यांहून किंचित जास्त अंतर उरलं. ललिताने फीत लावली: सेहेचाळीस फूट आठ इंच. हर्षदने मोबाइलवर त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं, जवळजवळ दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर आले, आणि त्याने मोबाइल खिशात ठेवला.

मित्रांनो, जुन्या मापाला तेल लावा, न लावा. पण ते ताणू नका. उत्तर बसत नसेल, तर आधी आपलं गणित तपासा.

फितीच्या त्या मापाने चारही खुंट्या ठोकल्या. विहीर तीन फूट पलीकडे राहिली, ओढाही तितकाच. सोनबा मला गुंडाळत बसला, उगाच हळूहळू.

"आता काय कारण हाय रे?" ठकूबाईने विचारलं.

त्याने विहिरीकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं.

"कारण नाय," तो म्हणाला. "ललिता, हे दोन गुंठे तुजे. दिले."