दुपारची बोली

लेकीच्या बाळंतपणाला बाप गेल्याचं कराडच्या त्यांच्या आळीत कुणी ऐकलं नव्हतं. वसंतराव मात्र गेले. बायको, विद्युलताबाई, जाऊन दोन वर्षं झाली होती. प्राचीच्या सासूबाई नाशकात गुडघ्याच्या ऑपरेशननं अंथरुणाला खिळलेल्या. आणि डॉक्टरीणबाईंनी प्राचीला बजावलं होतं, की आता डाव्या कुशीवर पडून राहायचं, उठायचं ते बाथरूमपुरतं. आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. या खेपेला पाचव्या महिन्यापासून रक्तदाब चढायला लागला होता. जावई अमोघ तिकडे तमिळ मुलखात, गिंडीच्या एका कारखान्यात. सकाळी बाहेर पडायचा तो दिवे लागल्यावर परतायचा. तेव्हा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या या माणसानं मऊ भात आणि अळणी आमटी करायला शिकून घेतलं, रक्तदाबाचं मशीन लावायला शिकून घेतलं, आणि वेस्ट मांबलमच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुक्काम टाकला.

फ्लॅट सईबाईंचा. त्या तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात काढल्यामुळं त्यांची मराठी अशी झाली होती, की पहिल्या दिवशी वसंतरावांना ती तमिळच वाटली. शब्द जुनेपुराणे आणि हेल तमिळ. ‘लवकर’ला त्या ‘बेगिन’ म्हणत, ‘इकडे’ला ‘हिंगडे’, ‘सगळं’ला ‘अस्कं’. आपलं बोलणं ऐकून महाराष्ट्रातली माणसं हसतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून प्राची-अमोघशी त्या कायम इंग्रजीतच बोलत आल्या होत्या. वसंतरावांचं इंग्रजी बेताचं आणि तमिळ शून्य, त्यामुळं त्यांच्यापुढं सईबाईंना मराठी काढावीच लागली. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, गुडघे चालत नव्हते, म्हणून त्या वर येत नसत. वॉचमन नारायणस्वामीच्या हाती ताकाचं भांडं पाठवायच्या, नाहीतर वसंतराव दूध आणायला खाली उतरले की दारातच त्यांना थांबवून पोरीची चौकशी करायच्या.

मे महिना लागला. तमिळ लोक ज्यांना अग्नी नक्षत्र म्हणतात ते होरपळीचे दिवस. जेवणं झाली की गल्लीतलं चिटपाखरूही हलायचं नाही. प्राची आतल्या खोलीत पडदे ओढून झोपायची आणि वसंतराव बाहेर पंख्याखाली लवंडायचे.

अशाच एका दुपारी त्यांना आतून बोलण्याचा आवाज आला. सईबाई वर आल्या की काय म्हणून ते उठले. तोच हेल, शब्दाच्या शेवटी तसाच उंच जाणारा. आत डोकावले तर प्राची एकटी, कुशीवर, गाढ झोपलेली. ओठ मात्र हलत होते. हळू आवाजात, मधेच हसत, ती कुणाशी तरी बोलत होती, जशा दोघी मैत्रिणी भाजी निवडताना बोलतात. वसंतरावांना एकच शब्द लागला, ‘हिंगडे’. बाकीचं नुसतं कानावरून गेलं.

जागी झाल्यावर त्यांनी विचारलं, तर तिला काही आठवत नव्हतं. फार छान झोप लागली म्हणाली. संध्याकाळी अमोघला सांगितलं, तो हसला. पडून पडून माणूस असंच बरळतं म्हणाला. तिला ही बोली कुठून आली, हा प्रश्न वसंतरावांच्या ओठांवर आला होता, पण तो त्यांनी गिळला. त्याला कारण होतं, आणि ते कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दोन दिवसांपूर्वी प्राची त्यांना म्हणाली होती, “बाबा, दुपारी तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवलात ना, तो जरा पुसून ठेवत जा. ओला होता.”

त्यांनी हात ठेवला नव्हता. ते तेव्हा घरातही नव्हते, दूध आणायला खाली गेले होते.

ते तसं म्हणाले तेव्हा प्राची घाबरली नाही. म्हणाली, “मग आई असेल.”

बस्स. एवढंच ती बोलली आणि कूस वळवून झोपली. पण वसंतरावांच्या मनात ते घर करून राहिलं. विद्युलताबाई सदान्‌कदा पाण्यात हात असलेल्या बाई होत्या. लेकीचं हे तिसऱ्या खेपेचं संकट, आणि त्या येणार नाहीत असं होईल का? आयुष्यभर कालव्यांची मापं घेतलेल्या माणसाला असलं काही वाटणं शोभत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. तरी ते झोपेतलं बोलणं ऐकल्यापासून त्यांनी दुपारचं झोपणं सोडलं. आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून ते बसून राहू लागले. प्राची बोलायला लागली की अंगावर काटा यायचा, पण उठवावंसं वाटायचं नाही. कधी ती झोपेतच पलंगाच्या कडेला सरकायची आणि आपल्या पाठीमागं जागा करून द्यायची. त्या रिकाम्या जागेकडं ते बघत बसायचे. कुठल्याही क्षणी तिथली चादर दबेल असं वाटायचं. ती कधी दबली नाही.

विद्युलताबाई अशा हेलात कधी बोलल्या नव्हत्या. ही गोष्ट ते रोज बाजूला सारायचे.

त्या गुरुवारी सकाळी मशीनवरचा आकडा जरा वर होता. डॉक्टर कामाक्षींना फोन केला, त्यांनी गोळी वाढवायला सांगितली आणि पुन्हा एकदा विचारलं, डोकं दुखतंय का, डोळ्यांपुढं चमकतंय का. प्राची नाही म्हणाली. दुपारी जेवताना मात्र तिनं कपाळ चोळलं. वसंतरावांनी हटकलं तर उन्हाचं आहे म्हणाली. उन्हानं त्यांचंही डोकं चढलं होतं. ती आत जाऊन झोपली आणि ते खुर्चीत बसले.

थोड्याच वेळात दारावर थाप पडली. सईबाई उभ्या होत्या, कठड्याला धरून, धापा टाकत. नारायणस्वामी सुट्टीवर होता, आणि कैरीचं पन्हं केलं होतं ते पोरीला द्यायचंच म्हणून त्या स्वतः जिने चढून आल्या होत्या. वसंतरावांनी त्यांना बसायला सांगितलं आणि पाणी आणायला ते स्वयंपाकघरात वळले.

तेवढ्यात आतून प्राची बोलली. या वेळी आवाज हळू नव्हता, आणि त्यात हसू नव्हतं.

“सयू गे, पडदा लोट. डोळ्यांत अस्कं लखलखतें.”

सईबाईंनी हातातलं भांडं सावकाश खाली ठेवलं. त्यांचा चेहरा असा झाला, की वसंतरावांना वाटलं त्याच पडताहेत.

“हे नांव तिला कोणीं सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“कुठलं नाव?”

“सयू. मला सयू म्हणणारं आतां कोणी जिवंत नाहीं.”

त्या भिंतीला धरत आतल्या खोलीच्या दारात गेल्या. प्राची कुशीवर होती, डोळे मिटलेले, पण पापण्यांखाली बुबुळं सैरभैर फिरत होती. पडदे आधीच ओढलेले होते. खोलीत काळोखच होता. “लोट गे, सयू,” ती पुन्हा म्हणाली, “अस्कं पांढरं झालं.”

“दवाखान्यांत न्या,” सईबाई म्हणाल्या. “बेगिन. आतांच्या आतां.”

वसंतराव गडबडले. सकाळचा आकडा सांगू लागले, वाढवलेल्या गोळीचं सांगू लागले. सईबाईंनी त्यांचा दंड धरला. त्या म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“वसंतराव, हे बोलणं मी एकदां ऐकलं आहे. त्यानंतर संध्याकाळ झाली नाहीं.”

त्यांनी मशीन लावलं. आकडा बघितला, विश्वास बसेना, पुन्हा लावलं. सईबाईंनी गॅलरीतून खाली तमिळमध्ये हाका मारल्या. समोरच्या इस्त्रीवाल्यानं आणि एका रिक्षावाल्यानं प्राचीला खुर्चीत बसवून दोन जिने उतरवलं. ती जागी झाली होती, पण ओळख देत नव्हती. रिक्षात ती वसंतरावांच्या खांद्यावर डोकं टाकून डोळे गच्च मिटून बसली आणि भर उन्हात विचारत राहिली, एवढे दिवे कुणी लावलेत. सईबाई पुढं रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून बसल्या होत्या आणि सिग्नलला वाहनं थांबली की बाहेर हात काढून ओरडत होत्या.

दवाखान्याच्या पायरीवर प्राचीला पहिला झटका आला. डोळे वर गेले, जबडा आवळला, सगळं अंग ताठ झालं. पण तोवर स्ट्रेचर पुढं आलं होतं. परिचारिकांनी तिला कुशीवर वळवलं, शिरेत औषध सोडलं, आणि दारं लागली. डॉक्टर कामाक्षी धावतच आल्या. वसंतरावांना एवढंच कळलं, की सातवाच महिना आहे तरी बाळ आता बाहेर काढावं लागेल, नाहीतर दोघंही हातची जातील. त्यांनी सही केली. अमोघला फोन केला. मग करण्यासारखं काही उरलं नाही.

वऱ्हांड्यात बाकावर दोघंच होते. सईबाईंनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. त्यांच्या थोरल्या भावाची बायको भवानी. तंजावरहून लग्न होऊन आली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची, आणि सई सात-आठ वर्षांची. घरात सगळे सईला पाप्पा, म्हणजे तमिळमध्ये बाळ, म्हणत, भवानीवहिनी एकटीच सयू म्हणे. दुपारी सगळे झोपले की दोघी एका चटईवर पडून गोष्टी करत. वहिनीला सातवा महिना लागला, अंगावर सूज आली. सगळ्यांना वाटलं, अंग भरलं. एका दुपारी ती म्हणू लागली, की डोळ्यांत सगळं लखलखतंय, पडदा लोट. सईनं पडदा लोटला. तिचं काही कमी होईना. थोरल्यांनी दृष्ट काढली, वैद्यांना बोलावणं धाडलं. वैद्य येईपर्यंत झटके सुरू झाले होते. दिवेलागणीच्या आत ती गेली, बाळही गेलं.

“आपल्याच घरात? त्या बिल्डिंगीत?” वसंतरावांनी विचारलं.

“त्याच जागेवर. तेव्हां आमचं बैठं घर होतं. तें पाडून हे फ्लॅट बांधले. तुमची ती खोली तेव्हां नव्हतीच, वसंतराव. तिथें नारळाचा शेंडा होता.”

खाली कुणीतरी मरायचं आणि वरच्या हवेत त्याचा आवाज इतकी वर्षं थांबून राहायचा, हे वसंतरावांच्या डोक्यात बसेना. मग विचारायचं नाही असं ठरवूनही त्यांनी विचारलं.

“तिचे हात ओले असायचे का हो?”

सईबाईंनी वळून त्यांच्याकडं बघितलं. “तळव्यांना घाम यायचा तिच्या. फार. लग्नांत हातावर हात ठेवतांना अस्के हसले होते तिला. तुम्हांला हें कोण बोललं?”

वसंतरावांनी प्राचीचं ते बोलणं सांगितलं. म्हणजे ती नव्हती. इतक्या दुपारी ज्या रिकाम्या जागेकडं ते बघत बसले, तिथं त्यांची बायको नव्हती. तिथं एक परकी पोर होती, कुठल्या काळातली, त्यांच्या लेकीहून लहान वयात गेलेली, आणि ती त्यांच्या लेकीपाशी बसली होती. छातीत काहीतरी तुटलं, आणि त्याच वेळी त्या पोरीचे पाय धरावेत असंही वाटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मुलगी झाली. किलोभराचीही नव्हती. रडली नाही, मांजराच्या पिलासारखं एकदा कण्हली आणि तिला काचेच्या पेटीत नेलं. प्राची दोन दिवस शुद्धीत-बेशुद्धीत होती. तिसऱ्या दिवशी तिनं अमोघला ओळखलं, आणि डोळ्यांना धूसर दिसत होतं तेही हळूहळू स्वच्छ झालं. डॉक्टर कामाक्षींनी वसंतरावांना थांबवून विचारलं, की झटका यायच्या आधीच तुम्ही निघालात, हे लक्षात कसं आलं. घरमालकीणबाईंच्या लक्षात आलं, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

कपडे न्यायला ते एकदा भर दुपारी एकटेच फ्लॅटवर आले. आतली खोली होती तशीच होती. पलंगाच्या कडेला प्राचीच्या अंगाची वळी अजून चादरीवर होती, आणि तिच्या मागं ती मोकळी जागा. आपण काहीतरी बोललं पाहिजे असं त्यांना वाटलं, पण हाक काय मारावी ते ठरेना. वयानं ती त्यांच्याहून मोठी, गेली तेव्हा नातीएवढी. शेवटी ते म्हणाले, “पोरी, दोघी वाचल्या बरं का.” पंखा बंद होता, पडदा हलला नाही. थोडा वेळ वाट बघून त्यांनी कुलूप लावलं.

बाळ महिनाभर पेटीत होतं, आणि नंतर उबेसाठी प्राचीच्या उघड्या छातीवर. आषाढात ते घरी आलं. सगळं सांगितल्यावर प्राचीनं घर बदलायला साफ नकार दिला. मुलीचं नाव भवानी ठेवू या का, असं तिनं सईबाईंना विचारलं, तेव्हा त्या नको म्हणाल्या. तिचं नाव तिच्यापाशी राहू दे म्हणाल्या. मग सुष्मिता ठेवलं.

प्राची त्यानंतर झोपेत एकदाही बोलली नाही. पण सईबाई आता रोज दुपारी जिने चढून वर यायला लागल्या. कधी पन्ह्याचं निमित्त, कधी बाळाच्या अंगाला लावायच्या तेलाचं. आल्या की आतल्या खोलीच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि झोपलेल्या प्राचीच्या ओठांकडं बघत राहायच्या. गुडघे दुखायचे, तरी हलायच्या नाहीत. त्या कशाची वाट बघतात हे वसंतरावांना विचारावं लागलं नाही. त्यांनी दुसरी खुर्ची आणली आणि आपल्या शेजारी मांडली.

मग दोघं तिथं बसून राहायचे. एका दुपारी पाळण्यात काहीतरी हाललं. बाळ झोपेतच होतं. त्यानं ओठ पुढं काढले, मिटले, पुन्हा उघडले, आणि घशातून बारीक आवाज काढला, शेवटाला उंच गेलेला. दोन्ही म्हातारी माणसं एकदमच पुढं वाकली.