चार अंगठे

“लिव्हर नाय म्हंजे नाय!” असं म्हणत वाल्मीकदादांनी सायकलचं चाक मांडीवर घेतलं, दातओठ खाल्ले आणि दोन्ही अंगठ्यांनी टायरची कड दाबली. टायर सगळीकडून रिमच्या आत गेलं होतं. फक्त शेवटची वीतभर कड तेवढी बाहेर होती. इकडून आत ढकलली की ती तिकडून बाहेर यायची.

समोर स्टुलावर मंजुषा मॅडम बसल्या होत्या. गंगापूर रोडला त्यांचा दातांचा दवाखाना आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलवरून वणीला, देवीच्या दर्शनाला निघायचं म्हणून त्यांनी नवंकोरं टायर मागवलं होतं. घरी बसवायला गेल्या तर टायरची कड उचलायच्या प्लास्टिकच्या दोन चपट्या पट्ट्या, म्हणजे लिव्हर, मोडल्या. तिसरी, लोखंडाची, त्यांच्या पिशवीत होती.

“काका, ही घ्या ना. अहो, अडलेली दाढ आम्हीसुद्धा नुसत्या बोटांनी काढत नाही.”

दादांनी नुसती हनुवटी वर करून पाटी दाखवली. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या भिंतीला लागूनच आहे, त्यामुळे ती पाटी मला तोंडपाठ झाली आहे. ‘येथे टायर अंगठ्याने बसवून मिळेल. लिव्हर वापरल्यास दुकान बंद करू.’ चौकापलीकडे सायकलींचं काचेचं मोठं दुकान निघालं, तेव्हा रागाच्या भरात दादांनी ती रंगवून घेतली होती. राग गेला, पाटी राहिली. एरवी दहावी पास झालेल्या माणसाला कुणी अंगठेबहाद्दर म्हटलं तर तो अंगावर धावून येईल. दादांना मात्र आमची सगळी आनंदवल्लीची वस्ती तेच म्हणायची आणि दादा मिशीतल्या मिशीत हसायचे.

पण आता ते अंगठे थकले होते. सांधे सुजून आल्याच्या गाठींसारखे झाले होते. आमचं मागचं अंगण सामाईक, म्हणून मला एक गोष्ट माहीत होती. रोज सकाळी सगुणावहिनी त्यांना दाराआड उभं करून शर्टाची बटणं लावून द्यायच्या. दादांना ती लावता येत नव्हती. मग ते पुढच्या दाराने असे ऐटीत यायचे, की जणू लग्नालाच निघालेत.

या सगळ्याला कंटाळून वहिनींनी वणीच्या देवीला नवस बोलला होता. ह्यांच्या हातात एकदा लिव्हर दिसू दे, दुकानाला कुलूप लागू दे, खणानारळाने तुझी ओटी भरीन. नवऱ्याच्या हातातली बाटली सुटू दे म्हणून नवस करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. नवऱ्याच्या हातात काहीतरी येऊ दे म्हणणारी ही एकच.

“टायर लय कडक हाय. जरा ऊन दावतो त्याला,” दादा म्हणाले. मग ते चाक ओट्यावर वहिनींच्या पापडांशेजारी वाळत पडलं. थोड्या वेळाने दादांनी ते पुन्हा मांडीवर घेतलं. या खेपेला साबणाचं पाणी लावलं. टायर होतं तिथेच राहिलं, अंगठा तेवढा सटकला आणि दादा मागच्या पाण्याच्या बादलीत जाऊन बसले. मॅडमनी हसू दाबण्यासाठी मोबाइल काढला. मी तर सरळ हसलो.

“मॅडम, तुम्ही समोर चहा पिऊन या,” बादलीतून उठत दादा म्हणाले. “काही टायरं लाजरी असतात. चार माणसं बघितली की बसत नायत.”

मॅडम गेल्या. दादांनी चाक उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. बराच वेळ काही आवाज नाही. मला काळजी वाटली म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दाराने गेलो. बघतो तर दादांनी स्वयंपाकघरातलं उलथनं टायरच्या कडेखाली घातलेलं.

मला पाहून ते दचकले. “रवीभाऊ, हे उलथनं हाय. पाटीवर लिव्हर लिव्हलंय.”

“मी कुठे काय म्हणालो, दादा?”

पण उलथनं त्यांनी दोन्ही तळव्यांत धरलं होतं; अंगठे मिटतच नव्हते. मला हसू येता येता राहिलं, फार वाईट वाटलं.

तेवढ्यात वहिनी झेंडूची टोपली काखेला लावून दारात उभ्या राहिल्या. त्यांनी उलथनं पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता. दुकान बंद, अंगठ्यांना आराम आणि देवीचा नवस पुरा.

“म्हण, सगुणा,” दादा खाली मान घालून म्हणाले. “म्हणून टाक. आत्ता कुलूप लावतो.”

वहिनी उलथन्याकडे बघतच नव्हत्या, दादांच्या अंगठ्यांकडे बघत होत्या.

“द्या इकडं,” त्या म्हणाल्या. “भाकरीचं हाय ते. वाकलं म्हंजे?”

उलथनं खिळ्याला अडकवून त्यांनी पदर खोचला आणि दादांच्या समोर बसकण मारली. त्यांच्या अंगठ्यांच्या दोन्ही बाजूंना आपले अंगठे ठेवले.

“हे बाईमाणसाचं काम नाय,” दादा पुटपुटले.

“मग एवढी वर्षं भाकऱ्या थापते ते काय टाळ्या वाजवते? दाबा!”

दोघांचे चेहरे लाल झाले. टायर कुरकुरलं. आणि एकदम फट् करून आवाज झाला. दादांनी डोळे मिटून घेतले.

“गेली ट्यूब!”

“ट्यूब नाय,” वहिनी म्हणाल्या. “बांगडी वाढली.”

हिरव्या काचा फरशीवर पडल्या होत्या आणि टायर रिमवर गपगुमान बसलं होतं. दादांनी आधी वहिनींचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं, मग चाक.

मॅडम परत आल्या. त्यांनी टायरवरून गोल बोट फिरवलं. “कमाल आहे काका! अंगठ्याने बसवलंत?”

‘हो’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी काही बोलणार नव्हतो. दादांनी घसा साफ केला.

“अंगठ्यांनी,” ते म्हणाले. “चार. त्यातले दोन माझे नव्हते.”

वहिनी लाजून आत पळाल्या आणि खण, नारळ, तांदूळ बांधून घेऊन आल्या. “ताई, एवढी ओटी भरा माझ्या नावानं. देवीला सांगा, नवस काय फिटला नाय. ही ओटी आगाऊ हाय.”

“तूच आगाऊ हायेस,” दादा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उचललं, तेव्हा पाटीवरच्या ‘अंगठ्याने’वर काट मारलेली होती आणि वर खडूने ‘अंगठ्यांनी’ लिहिलं होतं. पाटीखाली स्टुलावर दादा मान वर करून बसले होते. शाळेच्या रिक्षा जात होत्या, दूधवाला थांबून बघत होता आणि भर चौकात वहिनी त्यांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. गळ्याजवळचं शेवटचं बटण काही केल्या जाईना. वहिनींनी ते अंगठ्याने दाबून बसवलं. दादांनी मान खाली केली आणि दिवसाचं पहिलं पंक्चर हातात घेतलं.